नवजात बालकाच्या मेंदूचे रक्षण : नॅनोकणांची नवी वाट

बालक जन्मास येते तेव्हा घरातील सर्वांचे लक्ष एकाच आवाजाकडे लागलेले असते. तो आवाज म्हणजे त्याचे पहिले रडणे. त्या रडण्याबरोबर फुप्फुसे प्रथमच हवेने भरतात आणि आतापर्यंत वार व नाळ यांच्या वाटे मिळणारा प्राणवायू बालक स्वतः घेऊ लागते. बहुसंख्य बालकांच्या बाबतीत हे सारे आपोआप घडते. शंभरांपैकी सुमारे दहा बालकांना मात्र श्वास सुरू होण्यासाठी थोडीफार मदत लागते, आणि शंभरांत एकाहून कमी बालकांना मोठ्या उपचारांची गरज पडते. ही मदत वेळेवर मिळाली नाही, तर सर्वांत मोठी हानी होते ती मेंदूची. अशा प्रसंगातून वाचलेल्या काही बालकांना पुढे आकडी येते, काहींची दृष्टी वा श्रवणशक्ती अधू होते, तर काहींचे हातपाय ताठ राहून चालणे, बोलणे, घास गिळणे हेही कष्टाचे होऊन बसते.

अशा बालकांसाठी जगातील काही प्रयोगशाळांत सध्या एका वेगळ्याच उपचाराचा शोध चालू आहे. हानी वाढविणाऱ्या जनुकांचा आदेश काही काळ थांबवावयाचा आणि त्यासाठी लागणारे द्रव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत भरून मेंदूपर्यंत पोहोचवावयाचे, अशी ही कल्पना आहे. हा उपचार म्हणजे नेमके काय, तो कोठवर आला आहे आणि नाशिक जिल्ह्यातील सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी प्रसूत होणाऱ्या मातेच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इजा एका क्षणात पुरी होत नाही

प्राणवायू तुटला की मेंदू तत्काळ आणि कायमचा निकामी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. मेंदूची हानी टप्प्याटप्प्याने होते, आणि उपचाराची सारी आशा याच गोष्टीवर उभी आहे.

पहिल्या टप्प्यात प्राणवायू व रक्त कमी पडल्याने पेशींची ऊर्जा संपते. काही पेशी त्याच वेळी मरतात. बालकाचा श्वास पूर्ववत सुरू झाला की पेशी पुन्हा सावरू लागतात. हा सावरण्याचा काळ साधारणपणे पहिल्या सहा तासांचा असतो. त्यानंतर दुसरी लाट येते. पेशींत कॅल्शियमचा अतिरेक होतो, घातक रसायने साठतात, दाह वाढतो आणि वरवर जगलेल्या पेशीही आत्मनाशाच्या मार्गाला लागतात. ही लाट दोन-तीन दिवस चालते. दाहाचा धुमसता अंश तर पुढे कित्येक आठवडे राहतो.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. रोगजंतू व मृत पेशी यांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे नेहमीचे काम होय. इजा झाल्यावर त्या खवळतात आणि दाह उत्पन्न करणारी प्रथिने भराभर तयार करतात. राखणदारानेच पिकात धुडगूस घालावा, तसा हा प्रकार असतो. या पेशींना थोडा काळ शांत करता आले, तर दुसऱ्या लाटेची तीव्रता कमी होईल, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

शीतोपचार आणि त्याची मर्यादा

आज यावर उपलब्ध असलेला मान्य उपचार म्हणजे शीतोपचार. जन्मापासून सहा तासांच्या आत बालकाच्या शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरवून ते ७२ तास तेथेच राखण्यात येते. थंडाव्यामुळे पेशींची ऊर्जेची गरज घटते आणि हानीचा वेग मंदावतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर प्रगत देशांत हा उपचार रूढ झाला. तेथील अनुभव असा की, सुमारे सात बालकांवर उपचार केल्यास त्यांपैकी एक बालक मृत्यूपासून वा गंभीर अपंगत्वापासून वाचते.

आपल्याकडील परिस्थितीत मात्र निराळे चित्र दिसले. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत २०१५ ते २०१९ या काळात ४०८ बालकांवर या उपचाराची चाचणी घेण्यात आली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय तीत सहभागी होते. 'हेलिक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा मध्यम ते गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण शीतोपचार मिळालेल्या गटात ५० टक्के, तर न मिळालेल्या गटात ४७ टक्के आढळले. नुसत्या मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ४२ व ३१ टक्के होते. म्हणजे उपयोग तर झाला नाहीच, उलट मृत्यू अधिक झाले.

मूत्रपिंडांतून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकापासूनही बऱ्याच अपेक्षा होत्या. अमेरिकेत ५०० बालकांवर शीतोपचाराच्या जोडीने त्याची चाचणी घेण्यात आली. २०२२ साली हाती आलेल्या निष्कर्षांत त्याचाही लाभ दिसून आला नाही. एका ठिकाणी चांगला ठरलेला उपचार दुसरीकडे तसाच लागू पडेल असे नाही आणि आशादायक वाटणारे प्रत्येक औषध अखेरपर्यंत टिकतेच असेही नाही, हा या दोन्ही चाचण्यांचा धडा आहे. नव्या वाटेचा शोध त्यामुळेच अगत्याचा ठरला.

दप्तर, नक्कल आणि जनुकाचे मौन

ही नवी वाट समजून घेण्यासाठी सटाण्याच्या तहसील कचेरीचे उदाहरण सोयीचे पडेल. बागलाण तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. एका मामलेदाराच्या नावाने देऊळ असणारे आणि त्याच्या पुण्यतिथीस मार्गशीर्षात यात्रा भरणारे हे गाव आहे. दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी खुला करणारे देवमामलेदार यशवंतराव महाराज हे येथील ग्रामदैवत झाले. तेव्हा कचेरी, दप्तर आणि नक्कल हे शब्द येथील वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत.

कचेरीत मूळ दप्तर अभिलेख कक्षात कुलूपबंद असते. शेतकऱ्याला लागते ती त्याची नक्कल. बँकेत, न्यायालयात, सोसायटीत कामे होतात ती त्या नकलेवर. शरीरातील पेशीतही अशीच व्यवस्था आहे. जनुक म्हणजे डीएनएवरील मूळ नोंद. ती पेशीच्या केंद्रकात सुरक्षित असते. एखादे प्रथिन हवे असले की त्या नोंदीची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि पेशीतील कारखान्यात तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते.

आता मूळ दप्तराला हात न लावता बाहेर पडलेली नक्कलच फाडून टाकली तर? प्रथिन तयार होणार नाही. जनुक जागच्या जागी राहील, परंतु त्याचा आदेश अमलात येणार नाही. यालाच जनुक मौन करणे म्हणतात. नक्कल फाडण्याचे काम करतो तो एकवीस ते तेवीस अक्षरांचा एक लहानसा दुपदरी आरएनए. तो पेशीत शिरला की पेशीतील एक यंत्रणा त्याचा एक पदर उचलते, त्या पदराशी जुळणारी नक्कल शोधते आणि ती तोडून टाकते. लाखो नकलांतून हवी ती नेमकी हुडकण्याची क्षमता हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

या शोधाची पहिली चाहूल एका फुलाने दिली, हे ऐकून फुले व फळे पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना नवल वाटेल. १९९० च्या सुमारास पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून संशोधकांनी रंगाचे जादा जनुक झाडात घातले. फुले गडद होण्याऐवजी काही पांढरीशुभ्र निघाली. जादा जनुकाने मूळ जनुकालाही गप्प केले होते. यामागील रहस्य १९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवर प्रयोग करून उलगडले. २००६ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोहोचविण्याचा प्रश्न

द्रव्य सापडले, तरी ते योग्य जागी पोहोचविणे हे काम अधिक बिकट आहे. नुसता आरएनए रक्तात सोडला तर रक्तातील विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. उरलेला मूत्रावाटे निघून जातो. शिवाय त्याच्यावर ऋण विद्युत्भार असल्याने पेशीचे आवरण त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला वेष्टनाची गरज असते आणि तेथे नॅनोकणांचे काम सुरू होते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. औषध वाहून नेणारा कण त्या मानाने काही नॅनोमीटरपासून शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंत असतो. काही कण स्निग्ध पदार्थांचे असतात, काही शरीरात विरघळून जाणाऱ्या बहुवारिकांचे, तर काही झाडाच्या फांद्यांप्रमाणे शाखा फुटलेल्या रेणूंचे असतात. स्निग्ध कणांची रचना मोठी चातुर्याची आहे. ते रक्तात असताना उदासीन राहतात. पेशीने त्यांना गिळून आम्लयुक्त पिशवीत टाकले की त्यांवर धन विद्युत्भार येतो, पिशवीचे आवरण फुटते आणि आतील आरएनए मोकळा होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. स्निग्ध कणांतून दिले जाणारे या जातीचे पहिले औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. मज्जातंतू व हृदय यांत विकृत प्रथिन साठण्याच्या एका आनुवंशिक रोगावर ते वापरले जाते. कोरोनाच्या साथीत जगभर कोट्यवधी लोकांना टोचलेल्या आरएनए लसींतही अशाच कणांचा वापर झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, या प्रकारची पहिली भारतीय लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केली व जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापरासाठी मान्यता मिळाली. ती साध्या शीतपेटीच्या, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात टिकते. आरएनए आणि त्याचे सूक्ष्म वाहक हाताळण्याचे कौशल्य आपल्या राज्यात रुजले आहे, याची ही साक्ष आहे.

मेंदूचा पहारा

परंतु रक्तात सोडलेले बहुतेक कण यकृतात जाऊन बसतात. मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर तर कडक पहारा आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की, रक्तातील फारच थोडी द्रव्ये पलीकडे जाऊ शकतात. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. इजा झाल्यावर हा अडसर काही काळ सैल पडतो. पण कोणत्या बालकात किती व किती वेळ, हे सांगता येत नाही.

यावर तोडगा काढण्याचे प्रयत्न प्राण्यांवर चालू आहेत. २०१२ साली अमेरिकेत रंगरामानुजम कन्नन व सुजाता कन्नन या भारतीय नावांच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गर्भावस्थेत दाह होऊन पाय ताठ झालेल्या सशाच्या पिलांना जन्मदिवशीच शाखायुक्त कणांतून दाहशामक औषध दिले. हे कण मुख्यतः मेंदूतील खवळलेल्या पेशींत जाऊन पोहोचले आणि पाचव्या दिवसापर्यंत पिलांच्या हालचालींत स्पष्ट सुधारणा झाली. त्यांतील औषध जनुक मौन करणारे नव्हते. परंतु योग्य कण इजेची जागा स्वतः शोधू शकतो, हे त्यातून दिसले. २०१६ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राणवायू तोडून इजा केलेल्या उंदराच्या नवजात पिलांत हानी वाढविणारा एक सूक्ष्म आरएनए मौन केला, तेव्हा मेंदूची हानी कमी झाली. ते द्रव्य कणांत भरलेले नव्हते. थेट मेंदूच्या पोकळीत, तसेच नाकावाटे दिले होते. २०२१ साली बॉस्टन येथील संशोधकांनी डोक्याला मार बसलेल्या उंदरांवर तिसरा प्रयोग केला. विशिष्ट लेप दिलेल्या नॅनोकणांतून त्यांनी जनुक मौन करणारा आरएनए शिरेवाटे दिला. अडसर सैल असतानाच नव्हे, तर तो पूर्ववत झाल्यावरही हे कण मेंदूत पोहोचले आणि नियोजित प्रथिनाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले.

एका प्रयोगाने वाहक दाखविला, दुसऱ्याने नवजात मेंदूत मौनाचा उपयोग होतो हे दाखविले, तिसऱ्याने या दोहोंची सांगड शक्य असल्याचे सिद्ध केले. या तीन धाग्यांचा गोफ विणण्याचे काम आता चालू आहे.

घाई का नको

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवजात बालकाच्या मेंदू-इजेवर असा उपचार आजमितीस जगात कोठेही मान्य झालेला नाही. असा उपचार देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

वाटेत अडचणी अनेक आहेत. नवजात मेंदू हा वाढीला लागलेला मेंदू असतो. ज्या प्रथिनांनी दाह होतो, त्यांतील काहींची मेंदूच्या घडणीसाठी गरजही असते. ती किती दाबावयाची व केव्हा मोकळी सोडावयाची, याचा हिशेब चुकून चालणार नाही. तीन किलो वजनाच्या बालकाचे यकृत व मूत्रपिंडे अपरिपक्व असतात. उंदरात गुण आलेले औषध माणसात अपयशी ठरल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात कमी नाहीत. शिवाय खर्चाचा प्रश्न आहेच. २०१८ साली मान्य झालेल्या त्या पहिल्या औषधाची अमेरिकेतील जाहीर किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर होती. देशी संशोधनाने किमती खाली येतात, हेही तितकेच खरे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि २०२३ साली मान्यता मिळालेल्या रक्तकर्करोगावरील पेशी-उपचाराने ते दाखवून दिले आहे.

बागलाणच्या मातेसाठी

समजा, असा उपचार उद्या सिद्ध झाला. तरी तो द्यावयाचा आहे पहिल्या काही तासांतच. त्यासाठी बालकाला जन्मतः झालेला श्वासावरोध कोणीतरी ओळखला पाहिजे, त्याचा श्वास सुरू केला पाहिजे, त्याला ऊब देऊन मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचविले पाहिजे. सटाण्याहून मालेगाव सुमारे ३५ किलोमीटर आणि नाशिक सुमारे ९० किलोमीटर आहे. साल्हेर-मुल्हेर भागातील डोंगराळ वस्त्यांवरून आधी सटाण्यापर्यंत येण्यासच बराच वेळ मोडतो. सहा तासांची मुदत ऐकावयास मोठी वाटते. पावसाळ्यातील रात्री ती कशी सरते, हे त्या भागातील लोकांना सांगावयास नको. म्हणून पहिल्या मिनिटाची सिद्धता ही भावी उपचाराचीही पहिली पायरी आहे.

ही पायरी किती मोलाची आहे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील आरोग्यदूत महिलांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. श्वास न घेणाऱ्या बालकाला पिशवी व मुखवटा यांनी हवा देण्यासह उपचार शिकल्यानंतर, गंभीर श्वासावरोध झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. सीमेपलीकडे बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने ५९९ प्रसूतिसेवकांना असेच शिक्षण देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत जन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरले. जी बालके पूर्वी मृत समजली जात, त्यांतील काही केवळ श्वासाची वाट पाहत होती, असाच याचा अर्थ होतो.

गडचिरोलीच्या या अनुभवावर आधारलेली गृहभेटींची योजना २०११ पासून देशभर राबविण्यात येत आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जन्मलेल्या बालकास पहिल्या दिवशीही भेट असते. प्रसूती होणाऱ्या शासकीय संस्थांत नवजात शिशु काळजी कोपरा, त्यावरील पातळीवर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष काळजी कक्ष अशी साखळी उभारण्यात आली आहे. १०२ व १०८ या क्रमांकांवर वाहन मिळते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली माता व आजारी नवजात बालक यांची शासकीय वाहतूक व उपचार विनामूल्य आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ साली पालघर येथून झाला. वाढीत मागे पडणाऱ्या बालकांसाठी त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. या सर्व प्रयत्नांना फळही आले आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात मृत्यू होत, तेव्हा महाराष्ट्रात हे प्रमाण ११ होते.

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. प्रसूती रुग्णालयातच करावी आणि वाहनाची व्यवस्था नववा महिना लागण्यापूर्वी ठरवून ठेवावी. पोटातील बाळाची हालचाल मंदावली, अंगावरील पाणी हिरवट गेले किंवा कळा लांबल्या तर क्षणाचाही विलंब लावू नये. बाळ रडले नाही तर त्याला उलटे धरणे, जोराने थापट्या मारणे, गार पाणी शिंपडणे, वार शेकत बसणे हे प्रकार टाळावेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. बाळाला कोरडे पुसावे, ऊब द्यावी व पाठ हळुवार चोळावी. तेवढ्याने श्वास सुरू झाला नाही तर शिकलेल्या हातांनी मिनिटाच्या आत पिशवी व मुखवटा लावणे अवश्य असते. शीतोपचाराची माहिती वाचून कोणीही घरी बाळाला मुद्दाम गार ठेवू नये. त्याने जीव जाऊ शकतो. ज्या बालकाला जन्मतः असा त्रास झाला असेल, त्याला मान सावरणे, नजर फिरविणे, बसणे या गोष्टी वेळेवर येतात की नाही, हे पाहत राहावे आणि शंका आल्यास आशा कार्यकर्तीस सांगावे. लवकर सुरू केलेल्या व्यायामांचा व उपचारांचा अशा बालकांस खरोखर उपयोग होतो.

नॅनोकणांतून येणारे औषध आज ना उद्या प्रयोगशाळेच्या बाहेर पडेल. ते बागलाणच्या बालकापर्यंत पोहोचावयाचे, तर त्याची वाट प्रसूतिकक्षातील परिचारिकेच्या हातातून, आशा कार्यकर्तीच्या भेटीतून आणि वेळेवर निघालेल्या रुग्णवाहिकेतूनच जाणार आहे. ती वाट आजच मोकळी व पक्की ठेवणे शासन, आरोग्य कर्मचारी आणि नागरिक या सर्वांच्या हाती आहे.